पायी यात्रा, दादरामार्गे

सोमवार, १ जानेवारी

वाल्मिकच्या कंपनीतून नव्या वर्षाची डायरी आली. वर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव, आत सुताच्या रिळांचे फोटो. वाल्मिक म्हणाला, "बापू, तुम्हीच ठेवा. मी काय लिहिणार?" सूनबाई कावेरी म्हणाली, "मनात जे जे येतं ते यात लिहीत जा बापू. म्हणजे प्रत्येक गोष्ट आम्हाला सांगायला नको." सून गुणाची आहे. मला बोलून बोलून दम लागतो, त्याची तिला काळजी.

तर लिहितो. मी चिंधा तोताराम माळी, सातवी पास. शिरपूरकडे एका जिनिंगमध्ये जन्मभर रात्रीचा पहारेकरी होतो. कापसाच्या गंजीला एक ठिणगी लागली की सगळं संपलं, म्हणून रात्रभर वास घेत फिरायचं, हेच काम. काळजी करण्याचाच पगार होता म्हणा. नोकरी संपल्यावर मुलाकडे सिल्वासाला आलो. पगार थांबला, काम चालूच राहिलं.

मुख्य गोष्ट लिहायची राहिली. कमळाबाई, म्हणजे माझी बायको, दत्तजयंतीपासून दादराला सोनीकडे आहे. सोनी आमची मुलगी. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलंय की मुलीच्या मदतीला गेली. पण जाताना दारात चपला घालत ती मला म्हणाली, "तुमचं मन शांत झालं की फोन करा. मग येते." आणि रिक्षात बसली. रिक्षा अगदी गटाराच्या कडेने चालली होती. मी वरून ओरडलो. तिने मागे बघितलं नाही.

मन शांत झालं की फोन करा. ताप उतरला की थर्मामीटर सांगतं. मन शांत झालं हे कोण सांगणार?

बुधवार, ३ जानेवारी

मोबाइलवर एक महाराज येतात. पांढरी दाढी, मागे धबधबा. आज म्हणाले, ज्याचं मन अशांत आहे त्याने एकट्याने, पायी, वाहत्या पाण्याबरोबर चालत जावं आणि पाणी जिथे संपतं तिथे चिंता सोडून यावी. मी तीनदा ऐकलं. मला वाटलं, माझ्याकडे बघूनच बोलतायत.

आपली दमणगंगा दमणला समुद्राला मिळते. सिल्वासापासून फार लांब नाही. पण एकट्याने कुठे गेल्याचं मला आठवत नाही. लग्नाआधी एकदा धुळ्याला गेलो होतो, तेही स्टँडवरून परत आलो.

खालच्या मजल्यावर भास्करराव राहतात. नाशिकचे, कंपनीत फिटर होते, आता दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारतात. त्यांना बेत सांगितला.

"रस्ता कुठून?" त्यांनी विचारलं.

"पिपरिया, लवाछा, दादरा, वापी, दमण."

"दादरा?"

"वाटेत येतं. त्याला मी काय करू?"

"मग सरळ सांगा की, वहिनींना आणायला चाललोय."

"अजिबात नाही. मन शांत झाल्याशिवाय मी तिला तोंड दाखवणार नाही. तिच्या बिल्डिंगवरूनसुद्धा जाणार नाही. मागच्या गल्लीने जाणार."

"मागची गल्ली कुठली तेही बघून ठेवलंय वाटतं."

या माणसाशी मनातलं बोलायची सोय नाही.

शुक्रवार, ५ जानेवारी

तयारी चालू आहे. पण एक अडचण आहे, शिवेची.

आमच्याकडे देवाच्या वाटेला निघालं की गावाच्या शिवेवर नारळ फोडतात. मागे लागलेलं जे काही असेल ते तिथेच थांबतं. नारळ न फोडता शीव ओलांडली की ते आपल्याबरोबर चालत येतं. गावी शीव डोळ्यांना दिसायची. शेवटचं शेत, एक निंब, खाली मारुती. इथे कुठे शोधायची? सिल्वासा संपून पिपरिया कुठे लागतं ते रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. एका कारखान्याच्या भिंतीला दुसऱ्या कारखान्याची भिंत.

कालपासून विचार करून शेवटी ठरवलं की राज्याची हद्द तीच शीव धरायची. तिथे निदान पाटी असते. हे ऐकल्यावर भास्कररावांनी सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि ओट्यावर नकाशा काढला.

"हे बघा. सिल्वासा सोडलं की लवाछा, म्हणजे गुजरात. एक नारळ. मग दादरा, म्हणजे परत आपला केंद्रशासित प्रदेश. दुसरा. दादरा संपलं की परत गुजरात. मग दमण, परत आपण. आणि येताना सगळं उलटं. चिंधाबापू, पिशवी कसली नेता? झाडच उपटून न्या."

कावेरीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बापू, एवढे नारळ उचलून चालाल तर मन राहील बाजूला, कंबर बसेल." तिचं म्हणणं खरं आहे. जाण्यापुरतेच न्यायचे ठरवलं. येतानाच्या शिवा देव बघेल.

रविवार, ७ जानेवारी

निघालो. बसस्टँडपर्यंत गेलो आणि गॅसचं बटण आठवलं. कावेरीला फोन केला. "बंद आहे," म्हणाली. पण उठून, स्वयंपाकघरात जाऊन, बघून म्हणाली की बसल्या जागेवरून, ते कळेना. परत आलो. बंद होतं.

आज उशीर झाला. उद्या.

सोमवार, ८ जानेवारी

आज खरोखर निघालो. कावेरीने डबा दिला, फोन गळ्यात अडकवला. वाल्मिक रात्रपाळी करून आला होता. झोपेतच म्हणाला, "बापू, रस्त्याच्या उजव्या बाजूने चाला, समोरची गाडी दिसते." हे मीच त्याला शिकवलं होतं.

पिपरियाच्या अलीकडे एका टपरीवर बसलो. टपरीवाला म्हणाला, "या बापू. बिनसाखरेचा ना?" या माणसाला मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला साखर आहे हे चेहऱ्यावर दिसायला लागलं की काय? आरशात नीट बघायला पाहिजे. चहाचं काही घेईना. म्हणाला, यात्रेकरूकडून घेत नाही. मी यात्रेकरू आहे हे तरी त्याला कसं कळलं? नारळांवरून कळलं असेल.

पुढे ललितराव भेटले. ललितराव म्हणजे आमचे जावई, सोनीचे मिस्टर. दादराला प्लास्टिकच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. मोटारसायकलवर समोरून आले. "अरे मामा! तुम्ही इकडे कुठे?" मी सांगितलं. त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि गेले. थोड्या वेळाने मागून आले. "कंपनीचं काम होतं," म्हणाले. मग लवाछाच्या अलीकडे झाडाखाली गाडी पुसत उभे होते. ड्यूटीच्या वेळी हा माणूस रस्त्यावर इतका कसा? नोकरी गेली असावी आणि सोनीला सांगितलं नसावं. हे एक नवीनच डोक्याला लागलं.

गुजरातच्या नाक्यावर पोलीस असतात. सिल्वासातून दारू नेतात म्हणून पिशव्या बघतात. एका पोलिसाने मला बाजूला घेतलं. "काका, थेलीमां शुं छे?"

"नारियेळ."

"एवढे?"

मी त्याला शिवेची सगळी गोष्ट सांगितली. मराठीत सुरू केली, घाबरून हिंदीत गेलो, शेवटी दोन्ही संपल्या. त्याने एकेक नारळ कानाशी धरून हलवला. म्हणाला, हल्ली लोक नारळात भरून नेतात. बाटलीतलं पाणी हुंगलं. मीही हुंगलं, कारण तेवढ्यात मलाच शंका आली.

मग मी पाटीखालच्या दगडावर नारळ फोडला आणि डोळे मिटून म्हणालो, माझ्या मागचं जे काही असेल ते इथेच थांबू दे. डोळे उघडले तर पोलीस टोपी काढून उभा. त्याला खोबरं दिलं. म्हणाला, "काका, माझ्या घरासाठी पण एक बोला. बायको फार चिडते." मी बोललो. मला बरं वाटलं. पोलिसाच्या घरीही तेच.

लवाछाला नदीकाठी महादेवाचं देऊळ आहे. तिथे मुक्काम करायचा होता. पण परक्या जागी झोप येणार नाही, आणि झोप नाही आली की रक्तदाब. म्हणून देवळाच्या पायरीजवळ चुन्याने खूण केली आणि शेअर रिक्षाने घरी येऊन झोपलो. उद्या रिक्षाने खुणेपर्यंत जायचं आणि तिथून पुढे चालायचं. एक पाऊलही चुकणार नाही.

कावेरी म्हणाली, "बापू, तुम्ही तर यात्रेला पाळी लावली." तिला आणि वाल्मिकला कारखान्यापलीकडे काही दिसत नाही. पण मनात आलं, देव हे धरेल का? भास्कररावांना विचारलं. ते म्हणाले, "पंचिंग मशीन बघितलं का देवळात?"

बुधवार, १० जानेवारी

काल पाय सुजले म्हणून घरी होतो. आज खुणेपासून निघालो. आजचा दिवस चांगला गेला असं वाटत होतं, पण सांगता येत नाही.

दादराची हद्द इकडे सगळ्यांना न विचारता कळते. गुजरात संपलं की पहिलं दारूचं दुकान येतं, तिथून दादरा. पाटी शोधली, तर ती एका ट्रकमागे होती आणि ड्रायव्हर ट्रकखाली झोपलेला. त्याला उठवणं बरं दिसेना. म्हणून मी दुकानाच्या पायरीवरच नारळ फोडला.

दुकानवाला धावत बाहेर आला. मला वाटलं मारतो. पण त्याने हात जोडले. "चाचा, ज़रा बीच में फोड़ो ना, बरकत आएगी." गिऱ्हाईकं जमा झाली. एकजण म्हणाला, "काका, दुकान तुमचं का?" दुसरा म्हणाला, "नवस फेडून राहिले वाटतं. पोराला दुकानाचं परमिट मिळालं का?" मी समजावून सांगत होतो, पण खोबरं दिल्यावर कोणी ऐकेना. प्रत्येकाने अगदी भक्तीने हात पुढे केला. एकाने खिशातून मीठ काढलं.

पाय दुखत होते म्हणून त्याच पायरीवर बसलो. चप्पल काढली, डोळे मिटले आणि नामस्मरण केलं. अंग जरा डुलतं माझं नाम घेताना. तेवढ्यात कोणीतरी "अगंबाई!" म्हणालं. डोळे उघडले तर सोनीच्या बिल्डिंगमधल्या झुंबरबाई. हातात मेथीच्या जुड्या. मी उठून नमस्कार केला, पण पायाला मुंग्या आल्या होत्या, तोल गेला, शेजारच्या गिऱ्हाइकाला धरलं. तो आधीच डुलत होता. झुंबरबाई मेथी छातीशी धरून झपाझप निघून गेल्या.

पाठोपाठ ललितराव आले. कंपनीचं काम. मला मोटारसायकलवर बसवून सिल्वासाला घरी सोडलं. वाटेत त्यांची पाठ सारखी हलत होती. रस्ता खराब आहे.

गुरुवार, ११ जानेवारी

जे व्हायला नको होतं ते झालं.

वाल्मिक रात्रपाळीहून आला आणि हातपाय न धुता माझ्या अगदी जवळ येऊन बसला. मग अजून जवळ. मग लक्षात आलं की तो माझं तोंड हुंगतोय. जन्मभर मी वास घेतला. आज मुलाने माझा घेतला.

"बापू, खरं सांगा. दादराला वाइन शॉपवर तुम्ही काय करून राहिले होते?"

"शीव होती ती!"

"सोनीचा फोन होता. झुंबरबाईंनी पूर्ण बिल्डिंगला सांगितलंय."

मी सगळं सांगितलं. वाल्मिकने तोंडावर पांघरूण ओढलं आणि बराच वेळ पांघरूण हलत होतं. पोराला मनातून फार लागलं असणार.

मला काळजी लागली ती वेगळ्याच कारणाने. आता कमळाबाई परत येत नाही. मन शांत करायला गेलेला माणूस दारूच्या दुकानाच्या पायरीवर अनवाणी डुलताना सापडला. कोण बायको येईल? फोन करून सांगावं, तर मन शांत झाल्याशिवाय फोन करायचा नाही. आणि ते तर आता जास्तच बिघडलं.

संध्याकाळी राहवेना. ललितरावांना फोन लावला. नुसतं विचारलं, "घरी सगळे बरे?"

ते म्हणाले, "मामा, मामी एवढ्या हसल्या की उचकी लागली. म्हणाल्या, ते आणि दारू? बाटलीवरची तारीख वाचता वाचता दुकान बंद होईल."

म्हणजे चेष्टा. आपल्या माणसाबद्दल कोणी असं हसत नाही. मी तिच्या मनातून उतरलो, हे नक्की.

उचकी किती वेळ टिकली ते ललितरावांनी सांगितलं नाही. तिला चिमूटभर साखर लागते.

शनिवार, १३ जानेवारी

सोडून द्यावं असं वाटत होतं. पण अर्धवट सोडलेली यात्रा वाईट. दुकानाच्या पायरीपासून सुरुवात करायची होती. दुकानवाल्याने "आओ चाचा" म्हणून खुर्ची टाकली. मी मान खाली घालून पुढे झालो.

मागच्या गल्लीने जाणार होतो. पण ती गल्ली खोदून ठेवलेली. मग वनगंगा तळ्याच्या बागेकडून वळलो. सकाळची वेळ, बागेत बरीच माणसं होती. म्हटलं तळ्याकाठी डबा खाऊ आणि पुढे वापीकडे लागू.

तर समोरून कमळाबाई.

मी झाडामागे झालो. आधी ओळखलीच नाही. पायात सोनीचे पांढरे बूट, लुगडं वर खोचलेलं, हात हलवत चाललेली. बरोबर दोन बाया, त्यांना तिचा वेग झेपत नव्हता. काहीतरी सांगत होती आणि मधेच हसत होती. तोंड उघडून, दात दिसतील असं. सिल्वासाच्या घरात ती असं हसल्याचं मला आठवेना. आमचं घर लहान आहे, त्यामुळे असेल.

तळ्यावर छोटा पूल आहे. पुलाच्या मधोमध ती थांबली आणि कठड्यावरून वाकून खाली बदकं बघायला लागली. चांगली वाकली. कठडा कंबरेपेक्षाही खाली. बुटाचे तळवे नवीन, पुलावर ओल. तिचं नाव माझ्या तोंडापर्यंत आलं. पण हाक मारली तर झाडामागचा मी सापडणार. म्हणून फांदी धरली आणि ओठ दाबून उभा राहिलो.

ती पडली नाही. वाकली, बदकं बघितली, सरळ झाली, चालायला लागली.

मी डबा न खाताच घरी आलो. मनात एकच गोष्ट फिरतेय. मी तिथे नसताना ती रोजच वाकत असणार, आणि रोजच सरळ होत असणार. आज मी होतो म्हणून काही वेगळं झालं नाही. हे बरं म्हणायचं की वाईट, तेच कळत नाही. रक्तदाब बघितला. जरा कमी होता. मशीन बिघडलं असेल.

सोमवार, १५ जानेवारी, संक्रांत

आज सकाळी परत दादराला गेलो. यात्रा तिथेच थांबली होती, म्हणून. वाटेत मनाशी घोकत होतो, चुकून समोरासमोर आलोच तर म्हणायचं, "झालं. शांत झालं." त्या महाराजांसारखं, सावकाश. रिक्षात म्हणून बघितलं. शेजारच्याने विचारलं, "काय संपलं काका?"

बागेत गेलो आणि परवाच्याच झाडामागे उभा राहिलो. बराच वेळ ती पुलावर दिसेना. वर पतंग उडत होते, सगळीकडे मांजा. मांजाने काय काय होतं ते आठवत होतो, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"सोडा ते झाड. पडत नाही ते."

वळलो. कमळाबाई. एकटीच.

"मी यात्रेला चाललो होतो," मी म्हणालो.

"माहीत आहे. ललित सांगत होते. टपरीवाला चहा देतो ना नीट? बिनसाखरेचा?"

"देतो," म्हणालो. टपरीवाल्याचं हिला कसं कळलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

बाकावर बसलो. तिने पदराच्या गाठीतून तिळाचा लाडू काढला, अर्धा मोडून दिला. साखरेचं काही बोलली नाही, मीही बोललो नाही. मग म्हणाली, "तर? झालं का मन शांत?"

घोकलेलं सगळं तयार होतं. तोंड उघडलं आणि नजर तिच्या पायाकडे गेली.

"नाही," मी म्हणालो. "कमी झालं नाही, वाढलंच. आत्ता तुझ्या बुटाची लेस सुटलीय आणि मला दुसरं काही सुचत नाही."

झालं, मी मनात म्हटलं. संपलं सगळं. आता ही उठून जाणार.

तिने पाय पुढे केला. "बांधा मग."

मी खाली बसून लेस बांधली. दुहेरी गाठ मारली. एक पतंगवाला बघत होता. कमळाबाई हसायला लागली. परवासारखंच, तोंड उघडून. आणि हसता हसता म्हणाली, "निदान खोटं नाही बोलले. शांत झालं म्हणाले असते तर मी इथेच राहिले असते."

मला काही कळलं नाही. पण मी मान हलवली.

"सोनीकडे मला काय आवडलं सांगू?" ती म्हणाली. "सकाळी चालायला जाता येतं. मागून कोणी हाक मारत नाही. 'खड्डा आहे' म्हणत नाही. खड्डा मला दिसतो."

"पण बरोबर त्या दोघी होत्या की."

"म्हणजे परवाही इथेच होता." तिने कपाळावर हात मारला. "त्या बागेत भेटतात. इथवर मी एकटीच येते. सगळ्या रस्त्याने नुसती मी. एवढ्या वयात पहिल्यांदा."

बदकं ओरडत होती.

"येते मी घरी," ती म्हणाली. "पण सकाळी नदीपर्यंत एकटी जाणार. फोन घरी ठेवून. तुम्ही मागे यायचं नाही. वाल्मिकला पाठवायचं नाही. भास्कररावांना ओट्यावर बसवून नजर ठेवायची नाही. जमेल?"

"फोन घरी ठेवून?"

"जमेल का?"

"आणि माझं मन?"

"मन राहू द्या तसंच. ते आता कुठून शांत होणार? तोंड शांत ठेवा, तेवढं पुरे मला."

समुद्रापर्यंत जायचं राहिलं, ते मी तिला सांगितलं. म्हणाली, "त्याला काय घाई आहे?"

उरलेले नारळ सोनीकडे दिले. झुंबरबाई जिन्यात भेटल्या आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

गुरुवार, १८ जानेवारी

कमळाबाई काल आली. रिक्षा मधून चालली होती, चांगला ड्रायव्हर होता. भास्करराव म्हणाले, "वहिनी, यात्रा सफल झाली म्हणायची." ती म्हणाली, "त्यांची नाही, माझी उद्यापासून आहे."

आज सकाळी गेली. मी दार लावलं, उघडलं, लावलं. मग कावेरीने माझ्यासमोर परातभर मटार ठेवले. सोलले. एवढे मटार कोण खाणार?

ललितरावांची नोकरी आहे म्हणे. त्या आठवड्यात सुट्टी टाकली होती. सुट्टीत माणूस रस्त्यावर गाडी पुसत का उभा राहील? असो.

शनिवार, २० जानेवारी

कमळाबाई आत्ता बाहेर गेली आहे आणि मी लिहायला बसलोय. लिहिण्यासारखं काही नाही. हातात पेन असलं की पाय उठत नाहीत.

आज धुकं आहे. समोरची बिल्डिंग दिसत नाही. नदीच्या रस्त्याला सकाळी रेतीचे डंपर असतात. हे मी तिला सांगितलं नाही, इथे लिहितो. डंपर असतात. वळणावर कुत्री असतात, त्यात एक लाल कुत्रं चांगलं नाही. पुलाचा कठडा एका जागी मोडलाय. धुक्यात डंपरवाले दिवा लावतात का? लावत असतील. कालच्यापेक्षा उशीर झालाय. धुक्यात माणूस हळू चालतो, हेही खरं.

भास्करराव खालून ओरडले, "चिंधाबापू, खिडकीत या, गंमत दाखवतो." गेलो नाही. खिडकीतून रस्ता दिसतो.

कावेरी डबा घेऊन ड्यूटीला निघाली. जाताना डोकावली. "बापू, बरे आहात ना? घाम आलाय." म्हटलं, उकडतंय. जानेवारी आहे. माझा खांदा दाबून गेली.

गॅस बंद आहे. दोनदा बघितला. तिच्या फोनला हात लावला नाही. तो टेबलावर आहे. एकदा वाजला तेवढाच उचलला, कोणी कर्ज हवंय का विचारत होतं.

जिन्यात पावलं. वरच्यांची असतील. नाही, वरचे गेले असते एव्हाना. दाराशी थांबली. मी मान वर करत नाही. लिहीतच राहतो, म्हणजे वाट बघत होतो असं दिसायला नको.

आली. लुगड्याचा काठ ओला आहे. गाल लाल झालेत. दारातच उभी राहून म्हणाली, "धुक्यात नदी दिसतच नाही हो, नुसती ऐकू येते. केवढा वेळ उभी होते! उद्या पुलाच्या पलीकडे जाऊन बघणार आहे."

पलीकडे वस्ती नाही. नुसता वीटभट्ट्यांचा रस्ता.

मी म्हणालो, "बरं."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली, अजून काही येतंय का म्हणून. काही आलं नाही. मग हळूच खाली बसली आणि बुटाची गाठ सोडायला लागली.